डबीवरची सवाष्ण

दादा,

मंगळवारी दुपारी तू जेवून पाटावरून उठलास, दाराची चौकट धरलीस आणि खाली बसलास. वैद्य आले तेव्हा तू नव्हतास.

त्याला आता सव्वा महिना झाला. जो भेटायला येतो तो ओटीवर बसून तेच सांगतो. खांद्यावर पिशवी टाकून सुपारी विकणाऱ्या माणसाने श्रीवर्धनचं नाव मुंबईच्या घराघरांत नेलं. सवाष्ण छाप डबी ओळखत नाही असा पानवाला गिरगावात शोधून सापडणार नाही. मी मान हलवतो. तू होतास तेव्हाही मी तेच करत होतो. तू बोलायचास, मी मान हलवायचो, आणि तू ती संमती धरायचास.

मी तुझ्यावर रागावलेलो आहे. हे तुझ्या तोंडावर सांगायला अकरा वर्षं होती. मी सांगितलं नाही. आता सांगतो आहे, तर तू मध्येच "सदू, पुस्तकी बोलू नकोस" म्हणून उठून जाऊ शकत नाहीस, एवढाच काय तो फरक.

आधी तुझं जे खरं आहे ते लिहितो.

आपल्या वाडीची रोठा सुपारी पूर्वी पोत्यांनी आगबोटीवर चढायची आणि मुंबईला उतरली की नाहीशी व्हायची. एकदा तू स्वतः मालाबरोबर गेलास आणि परत आलास तो संतापाने लाल होऊन. "आपली रोठा तिथे मंगळुरी सुपारीच्या ढिगात ओततात रे. पोतं फुटलं की सुपारीला गाव राहत नाही." दोन दिवस तू धड जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालास की पोतं विकायचंच नाही, डबी विकायची, आणि डबीवर असं काही हवं की ते कोणाला ओतून टाकता येणार नाही.

डबीत घालायला ताईची सुपारी होती. ताई तेव्हा लग्न होऊन चौलला गेलेली, पण दिवाळीला आली की आईच्या पद्धतीने सुपारी कातरायची, तुपावर परतायची आणि तिच्यात जायफळ, वेलदोडा आणि ज्येष्ठमध अशा काही हिशेबाने घालायची की घरी आलेला पाहुणा निघताना पुडी मागून न्यायचा. नाव काय द्यायचं यावर मी संस्कृतातली आठ-दहा नावं काढून दिली होती. ती तू वाचलीस आणि कागद परत दिलास. "नाव वाचायला शाळा लागते, सदू. सवाष्ण सगळ्यांना वाचता येते."

हे तुला कुठून सुचलं हे मला आजही कळलेलं नाही. मी तेव्हा शाळेत संस्कृत शिकत होतो आणि मला ते सुचलं नव्हतं.

मुंबईहून तू एक चित्रकलेचे मास्तर आणलेस. ते आठ दिवस आपल्याकडे राहिले. ताई ओटीवर हिरवा शालू नेसून, नथ घालून, हातात विड्यांचं तबक घेऊन बसायची. मास्तर दर थोड्या वेळाने म्हणायचे, "ताईसाहेब, हसू नका." आणि ताई म्हणायची, "मग मास्तर, तुम्ही नाकाला निळा रंग लावून का फिरता?" तू अंगणातून ओरडायचास, "हसू दे तिला, मास्तर. रुसलेल्या बाईच्या हातचा विडा कोण घेतो?" ते अर्धं दाबलेलं हसू चित्रात उतरलं. तीन रंगांत छापून आलेला पहिला कागद तू डबीला चिकटवलास, ती डबी देवापुढे ठेवलीस आणि ताईला म्हणालास, "दुर्गे, आता तू सदूच्या आधी मुंबई बघणार."

डबी चालली. बंदरावरच्या भिंतीवर तू तेच चित्र दाराएवढं मोठं रंगवून घेतलंस. आगबोट लांब उभी राहायची, उतारू पडावातून किनाऱ्याकडे यायचे, आणि त्यांना आधी ताई दिसायची, मग गाव दिसायचं. खारवी तिला येता-जाता रामराम करायचे. मग नकला सुरू झाल्या. कोणी सौभाग्यवती काढली, कोणी गृहलक्ष्मी. हिरवा शालू तोच, तबक तेच. मला वाटलं तू खचशील. तू पेढे आणलेस. "नक्कल कोणाची करतात? मोठ्याची." डबीवर मी ओळ लिहून दिली: नथीतले सात मोती पाहून मगच डबी घ्यावी. लोक दुकानात उभे राहून मोती मोजू लागले. ती ओळ माझी. माझ्या हातून लिहिलं गेलेलं आणि सगळ्यांत जास्त लोकांनी वाचलेलं तेवढंच.

त्या डब्यांवर मी मुंबईला शिकलो. सुट्टीत येताना माझी पुस्तकांची पेटी पडावातून उतरवायला तू कमरेएवढ्या पाण्यात यायचास आणि ती डोक्यावर घेऊन किनारा गाठायचास. "सुपारी भिजली तर वाळवता येते. पुस्तकाचं तसं नाही," असं म्हणायचास. तुला स्वतःला चौथीच्या पुढे जाता आलं नव्हतं. तुझ्या डोक्यावरची ती पेटी आठवली की माझा राग नीट उभा राहत नाही. तो उभा करायला मला पुढचं सगळं लिहावं लागतं.

ताईचे यजमान विषमज्वराने गेले तेव्हा ती बावीस वर्षांची होती. तिला आणायला आपण दोघं चौलला गेलो. तिच्या सासूबाई तुला आठवतात? ठेंगण्या, एका डोळ्याने कमी दिसणाऱ्या. दहाव्या दिवशी न्हाव्याला त्यांनी अंगणातूनच परत लावलं होतं. आपल्याला म्हणाल्या, "माझा मुलगा गेला, तेवढं पुरे आहे. पोरीचे केस जाऊन तो परत येणार नाही. चार महिने माहेरी राहू दे, मन रमलं की मला परत पाठवा. वाडी मला एकटीला उरकत नाही." तू त्यांच्या पाया पडलास. मला वाटलं, सुटलो.

आगरदांड्याला आपण दिघीच्या होडीत बसलो. समोर एक कोळीण टोपली मांडीशी घेऊन बसली होती. तिने कमरेची डबी काढली, आपलीच. ताईपुढे धरली.

"घे गो बाय, सुपारी घे. सवाष्णीची हाय, बेस हाय."

ताईने नको म्हणून मान हलवली. कोळणीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुजा तोंड मी कुठं तरी बगितलाय गो. चौलची तू?" मग डबीकडे पाहिलं, परत ताईकडे पाहिलं, आणि मग तिचं लक्ष ताईच्या कपाळाकडे गेलं. तिने स्वतःही सुपारी खाल्ली नाही. डबीचं झाकण लावलं आणि डबी कमरेला परत खोचली.

तू पुढे वाकलास आणि ताईचा पदर नाकापर्यंत खाली ओढलास. होडी दिघीला लागेपर्यंत तू त्या बाईच्या कमरेकडे पाहत होतास. मी तुझ्याकडे पाहत होतो. मला वाटलं, तुला बहिणीचं दुःख झालं आहे. एवढं वाचून मला माणूस वाचता येत नव्हता.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तू गणबा न्हाव्याला बोलावलंस.

लोकांना तू शास्त्र सांगितलंस. तात्याकाका खूश झाले. ताई माजघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "दादा, सासूबाईंनी नको म्हटलं आहे." तू म्हणालास, "ते चौलला. इथे मी आहे." मी तुला कोठीत गाठलं. तेव्हाचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण आपल्यात त्या विषयावर झालेलं ते एकच बोलणं.

मी म्हटलं, "तू शास्त्र कधीपासून पाळायला लागलास?"

तू म्हणालास, "हळू बोल. शास्त्राचं नाव लोकांसाठी आहे. तिला लोक ओळखतात, सदू. होडीत पाहिलंस ना? उद्या बंदरावर बोभाटा झाला की डबीवरची बाई रांडाव झाली, तर मंगळागौरीला, मुंजीला, लग्नाला कोण ही डबी उघडेल? केस गेले, आलवण आलं की चेहरा बदलतो. मग ओळखणार नाहीत."

"मग चित्र बदल."

"चित्र बदललं की डबी दुसरी झाली. मग परत पोतं."

"ती बहीण आहे तुझी."

"आणि तू ज्यावर शिकलास ते काय आहे?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. ते मला सात-आठ वर्षांनी सुचलं, आणि तेव्हा तू चहा पीत होतास, चांगल्या मनःस्थितीत होतास, म्हणून मी ते बोललो नाही. मी कोठीतून बाहेर आलो. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत शिकवायला गेलो; वेळ झाली होती.

इतर घरांतल्या बायकांचे केस रूढीने गेले. ते वाईटच; पण ज्यांनी ते काढले त्यांचा निदान त्यावर विश्वास होता. तुझा नव्हता. तू एका कागदासाठी ते केलंस. आणि तिच्या अंगावर विधवेचं लाल आलवण चढवूनही तुझी भीती गेली नाही. ओटी तिला बंद, अंगण बंद, देऊळ पहाटेचं आणि तेही मागच्या वाटेने. ती परसातल्या खोलीत बसून सुपारी परतायची, जायफळाचं माप तिच्याशिवाय कोणाला जमत नव्हतं. पुढच्या खोलीत गडी त्याच सुपारीच्या डब्यांवर तिचं कुंकवाचं चित्र चिकटवायचे. मध्ये एक भिंत होती. विधवेच्या हातचं सवाष्णीच्या नावाने विकताना तुला शास्त्र आडवं आलं नाही.

चौलहून तिच्या सासूबाईंचं पत्र आलं, सुनेला पाठवा म्हणून. घरची पत्रं मी लिहायचो. तू सांगितलंस आणि मी लिहिलं: तिची प्रकृती बरी नसते, प्रवास झेपणार नाही. माझं अक्षर चांगलं आहे. दोन वर्षांनी त्या बाई गेल्या. ताईला मी अजून ते पत्र माझ्या हातचं होतं असं सांगितलेलं नाही, पण घरची पत्रं कोणाच्या हातची असतात ते तिला माहीत आहे.

आणि ते मुंबईचे शेठ. घाऊक माल उचलायचे. आगबोटीने खास गाव बघायला आले, भिंतीवरचं चित्र पाहून हरखले आणि ओटीवर बसताच म्हणाले, "भाऊ, ए बाई तमारा घरनी छे ने? दर्शन तो करावो! मारी बैरी रोज पूछे छे." त्यांची बायको म्हणे रोज डबीवरच्या बाईची चौकशी करायची.

तू क्षणभरही थांबला नाहीस. आत आलास आणि वहिनीला म्हणालास, "शालू नेस. तिचा." वहिनी घाबरून ताईकडे बघायला लागली. ताईनेच पेटी उघडली. तिनेच वहिनीच्या निऱ्या केल्या, नथ घालून दिली, हातात तबक दिलं आणि ती चुलीशी जाऊन बसली. शेठनी डबी पाहिली, वहिनीला पाहिलं. "फोटोमां जरा जुदी लागे छे."

"संसारात पडलं की बाई बदलते, शेठ," तू म्हणालास. दोघंही हसलात. मीही ओटीवर होतो. मीही हसलो.

वहिनी आत आली आणि नथ काढत म्हणाली, "वन्सं, नाक सोलवटलं माझं."

"फासा सैल करून घ्या, वहिनी," ताई म्हणाली. "आता तुम्हालाच घालायची आहे."

तसंच झालं. गावातल्या हळदीकुंकवात वहिनीला डबीवरची म्हणू लागले. नवीन सुना तर खरंच तसं समजत होत्या. ताई जिवंत असून तिचा चेहरा दुसरीला दिला गेला, आणि ते देण्याचं काम तू तिच्याकडूनच करून घेतलंस.

एक गोष्ट लिहायची राहते. गणबा आला त्या दिवसापासून तू सुपारी खाल्ली नाहीस. आधी तुझा गाल कायम फुगलेला असायचा. नंतर पाहुण्यांपुढे डबी सरकवायचास आणि स्वतः हात मागे घ्यायचास. विचारलं तर म्हणायचास, दात दुखतो. मी ते पाहत होतो. तुझी बाजू घेणारा कोणी असता तर त्याने हे सांगितलं असतं, म्हणून मीच सांगतो. पण त्याने ताईची ओटी मोकळी झाली नाही. तुझं दुःख तू तोंडात ठेवलंस आणि तिचं तिच्या डोक्यावर ठेवलंस.

आता तू गेल्यावर काय झालं ते ऐक.

दहाव्या दिवशी तात्याकाका न्हाव्याला घेऊनच आले. गणबाच, आता म्हातारा झालेला. हल्ली गावात बऱ्याच घरांनी हे सोडलं आहे, पण तात्याकाकांचं म्हणणं, या घराची रीत तूच घालून दिलीस. बहिणीला एक न्याय आणि बायकोला दुसरा असं कसं चालेल? त्यांना यात न्याय दिसत होता. वहिनी माजघराच्या कोपऱ्यात दोन्ही हातांनी डोकं धरून बसली होती. काका परसाच्या दाराशी जाऊन म्हणाले, "दुर्गे, तू समजाव तिला. तू यातून गेली आहेस."

ताई उठली. मला वाटलं ती वहिनीकडे जाईल. ती माजघर ओलांडून सरळ ओटीवर गेली. ओटीवर पाच-सहा माणसं बसली होती. अकरा वर्षांत तिचं तोंड त्यांतल्या कोणी उजेडात पाहिलं नव्हतं. तिने पदर मागे केला.

"गणबा," ती म्हणाली, "चहा घे आणि जा."

गणबा उभा राहिला. "माजं काय हाय, बाय? बोलावला म्हनून आलो." मग खाली बघून म्हणाला, "तुमचे येळी बी हात कापत होता माजा."

"माहीत आहे. दोन ठिकाणी कापलं होतंस."

काका म्हणाले, "अगं, पण लोक? तिला सगळे डबीवरची म्हणून ओळखतात. केसांसकट विधवा ओटीवर दिसली तर या धंद्याचं..."

"डबीवर मी आहे, काका," ताई म्हणाली. "वहिनी नव्हे. ज्यांना माहीत नाही त्यांनी बघून घ्या."

मी दारातून पाहत होतो. गणबाने चहा घेतला आणि तो गेला.

मग मी एक शहाणपणाची गोष्ट करायला गेलो. तू गेल्यावर निदान हे तरी करावं म्हणून मी डबीसाठी नवीन चित्र काढलं, पोफळीचं झाड, खाली दोन घोस. ताईला दाखवलं. तिने ते हातात घेऊन नीट पाहिलं.

"झाड चांगलं काढलं आहेस, सदू. पण माझं चित्र जाणार नाही."

"ताई, त्या चित्रापायी तर सगळं झालं."

"चित्राने काही केलं नाही. दादाने केलं. आणि तू बघत होतास." हे ती सुपारी परतता परतता म्हणाली, आवाज न चढवता. "त्या चित्रात मी हसते आहे. माझं कुंकू तेवढ्या एका ठिकाणी राहिलं आहे. घरातलं पुसलंत, ते पुरे झालं. कागदावरचं पुसायचं नाही. आणि सुपारी कोण करतं ते विचारायला आलेल्याला इथे ओटीवर पाठवायचं."

तुझा छाप असा टिकला, दादा. तू तिला लपवून तो टिकवणार होतास. ती समोर बसून टिकवायचं म्हणते आहे. टिकेल की नाही मला माहीत नाही. मुंबईच्या शेठनी ऐकलं आहे. त्यांचं पत्र आलं: चित्र बदला, नाहीतर लग्नसराईचा माल उचलणार नाही. बंदरावरच्या भिंतीवर कोणीतरी चित्राचं कपाळ खरवडलं आहे. गावातली तीन-चार घरं डबी घेईनाशी झाली आहेत.

शेठना उत्तर मी लिहिलं. ताईने सांगितलं तसं, पण शेवटचं वाक्य माझं आहे: हे चित्र आमच्या भगिनीचं असून त्या विधवा आहेत व हा माल त्यांच्या हातचा आहे. खाली माझी सही केली. हे तू वाचलं असतंस तर कागद फाडला असतास, आणि मी कदाचित दुसरा लिहून दिला असता. म्हणून तुझ्या जाण्याचं मला जे वाटतं त्याला मी नुसतं दुःख म्हणत नाही. तू कमरेएवढ्या पाण्यात उभा होतास ते मला रोज आठवतं, आणि तू नाहीस म्हणून या घरात श्वास घेता येतो हेही रोज कळतं. दोन्ही खरं आहे. यांतलं कुठलं मोठं ते मला ठरवता येत नाही.

शेठचं उत्तर अजून आलेलं नाही. वहिनीचे केस आहेत. ताईचे अर्ध्या पेराएवढे वाढले आहेत, बरेचसे पांढरे. सकाळी कामं आटोपली की ती ओटीवर बसते.